कंठातील लहान ग्रंथी, देहाचा मोठा कारभार

(मनमाड परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मनमाड म्हटले की रेल्वेचे जंक्शन डोळ्यांसमोर उभे राहते. मुंबई-भुसावळ हा हमरस्ता, दौंडकडे जाणारा मार्ग आणि छत्रपती संभाजीनगरवरून मराठवाड्यात उतरणारा मार्ग येथे एकत्र येतात. गाडी भलत्या वेगाने धावली तर धोका आणि वाटेत रेंगाळली तर खोळंबा, हे जंक्शनच्या गावात कोणाला शिकवावे लागत नाही. मानवी देहातही सर्व व्यवहारांची गती सांभाळणारे एक लहानसे ठाणे आहे. शास्त्रीय भाषेत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. लोकांच्या तोंडी ‘थायरॉइड’ हे नाव रुळले आहे.

“अमक्याला थायरॉइड झाला,” असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः थायरॉइड हा रोग नव्हे. ही ग्रंथी प्रत्येकाच्या गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूस, फुलपाखराच्या आकारात वसलेली असते. तिचे वजन जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास. तिच्या कामात बिघाड होणे, हा विकार होय.

ग्रंथीचे कार्य

अन्नातून मिळालेले आयोडीन घेऊन ही ग्रंथी दोन संप्रेरके तयार करते आणि ती रक्तात सोडते. एकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, दुसऱ्याच्या रेणूत तीन. म्हणून त्यांना ‘टी-४’ व ‘टी-३’ अशी नावे पडली. हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता, अन्नाचे पचन, हाडांची वाढ, स्त्रियांची मासिक पाळी आणि बालकाच्या मेंदूची घडण, या सर्वांवर त्यांचा अंमल चालतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ‘टी.एस.एच.’ नावाचे संप्रेरक पाठवून अवटु ग्रंथीला कामाचा आदेश देते. अवटु ग्रंथी मंदावली की हा आदेश वाढतो. म्हणूनच रक्तातील टी.एस.एच.चे प्रमाण पाहिले की बिघाडाचा बहुधा पत्ता लागतो.

दुसऱ्या नावांनी वावरणारा विकार

ग्रंथी मंदावली म्हणजे सारा देह मंदावतो. सतत थकवा येतो, खाणे बेताचे असूनही वजन वाढते, थंडी सोसवत नाही. त्वचा कोरडी पडते, केस गळतात, बद्धकोष्ठ होतो, आवाज जड होतो. पाळीत अधिक रक्तस्राव होतो, गर्भधारणेस अडचण येते आणि विसराळूपणा वाढतो. ही लक्षणे एका दिवसात येत नाहीत. महिनोन्‌महिने हळूहळू साचत जातात. खरी अडचण येथेच आहे. घरातील सून थकली तर ती आळशी ठरते, सासू थकली तर वय झाले असे म्हटले जाते आणि विद्यार्थी मागे पडला तर त्याला मठ्ठ म्हणतात. विकार शरीरात असतो आणि दोष मात्र स्वभावाला लावला जातो. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो. त्यामुळे या गैरसमजाची झळही त्यांनाच अधिक लागते.

याउलट ग्रंथी अतिक्रियाशील झाली, तर भूक चांगली असूनही वजन घटते. छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काही रुग्णांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. उपचार न झाल्यास हृदयावर ताण पडतो आणि हाडे ठिसूळ होतात. अशा माणसाला ‘काळजीखोर’ म्हणून सोडून देणे योग्य नव्हे.

या दोन्ही प्रकारांचे एक प्रमुख कारण असे की, शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून आपल्या ग्रंथीला परके मानू लागते. आयोडीनची कमतरता हे दुसरे मोठे कारण होय.

गलगंड आणि मीठ

पावसाने व पुराने जमिनीवरील आयोडीन धुऊन जाते. अशा जमिनीतील पाणी व पीक या दोहोंत ते कमी असते. पुरेसे आयोडीन मिळाले नाही, तर ग्रंथी अधिक काम करू पाहते आणि फुगते. गळ्यावर दिसणारा हा फुगवटा म्हणजे गलगंड. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून एक प्रयोग केला. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागात साधे मीठ पुरविण्यात आले. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्या अनुभवाच्या आधारे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंड हा केवळ हिमालयाच्या पायथ्याचा प्रश्न नाही, मैदानी प्रदेशातही तो आढळतो, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणून १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून आयोडीन-न्यूनताजन्य विकारांचा त्यात समावेश करण्यात आला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास १९९८ मध्ये देशभर बंदी घालण्यात आली. २००० मध्ये ती उठविण्यात आली आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली.

प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गर्भवतीला सुमारे २५०. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला, तरी ते चहाचा एक चमचा भरणार नाही. परंतु एकदम घेऊन ते साठविता येत नाही, रोज थोडे थोडे मिळावे लागते. त्यासाठी मिठासारखे दुसरे वाहन नाही, कारण मीठ श्रीमंताच्या आणि मजुराच्या ताटात सारखेच असते.

मिठाविषयी काही गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मीठ समुद्राचे आहे म्हणजे त्यात आयोडीन असणारच, ही समजूत चुकीची आहे. मिठागरातील साध्या मिठात ते नगण्य असते. जनावरांसाठी किंवा कारखान्यांसाठी आलेले स्वस्त मीठ स्वयंपाकात वापरू नये. पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ हे शब्द पाहूनच मीठ घ्यावे, ते झाकणाच्या बरणीत ठेवावे, चुलीजवळ वा ओलीत ठेवू नये. मात्र आयोडीन हवे म्हणून अधिक मीठ खाणे हितावह नाही, रक्तदाबाच्या रुग्णाने तर मुळीच नाही.

बाजरीतील काही द्रव्ये आयोडीनच्या वापरात अडथळा आणतात, असे संशोधनात आढळले आहे. तरीही आपल्या भागातील कोणी त्यामुळे भाकरी सोडण्याचे कारण नाही. आहार मिश्र असावा आणि मीठ आयोडीनयुक्त असावे, एवढी दक्षता पुरेशी आहे.

दोन आठवड्यांची मुदत

या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट नवजात बालकाशी निगडित आहे. काही बालकांची ग्रंथी जन्मतःच अपुरी असते किंवा मुळीच नसते. जन्मल्यावर ते बालक बहुधा इतर बालकांसारखेच दिसते. परंतु मेंदूची वाढ थांबून राहत नाही. उपचारात महिने गेले, तर बुद्धीची झालेली हानी पुढे भरून येत नाही. जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून निदान होऊ शकते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर बहुतेक बालके इतरांप्रमाणेच वाढतात, शिकतात. एका बाजूला आयुष्यभराचे परावलंबन आणि दुसऱ्या बाजूला रोजची एक लहानशी गोळी, असा हा सौदा आहे.

उपचार आहे, सातत्य हवे

१८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून शेहेचाळीस वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीवर उपचार केले. ती स्त्री पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आज तेच संप्रेरक गोळीच्या रूपाने अल्प किमतीत मिळते. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी ती घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांत चार तासांचे अंतर असावे. बरे वाटू लागले म्हणून गोळी बंद करणे, ही सर्वांत नेहमी घडणारी चूक होय. गर्भारपणात तर तपासणी करून मात्रा ठरवून घेणे आवश्यक असते.

अतिक्रियाशील ग्रंथीवर गोळ्या, शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडीन असे मार्ग आहेत. यांतील तिसऱ्या मार्गाचे देशातील एक प्रमुख केंद्र आपल्याच राज्यात आहे. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण औषध केंद्र १९६३ पासून कार्य करीत आहे. ग्रंथी ज्या ओढीने आयोडीन शोषून घेते, त्याच ओढीचा उपयोग करून बिघडलेल्या पेशींपर्यंत औषध पोहोचविले जाते. गर्भवतीला मात्र हा उपचार देत नाहीत.

गावाची जबाबदारी

शिक्षकांनी वाढ खुंटलेल्या, अकारण सुस्त झालेल्या किंवा गळ्यावर फुगवटा असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षा करण्यापूर्वी आरोग्य तपासणीस पाठवावे. ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील दुकानांत व शालेय पोषण आहारात कोणते मीठ येते ते पाहावे. आशा कार्यकर्त्यांजवळ मीठ तपासणीचा संच असेल, तर ग्रामसभेत सर्वांसमक्ष तपासणी करावी. मिठावर थेंब पडताच रंग निळसर झाला, की आयोडीन असल्याचे लोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीत आणि प्रत्येक बाळंतपणानंतर या ग्रंथीची आठवण वैद्यकीय अधिकाऱ्यांना करून देण्यात संकोच बाळगू नये.

मनमाडकरांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे उन्हाळे सोसले आहेत. पाण्याची टंचाई रिकाम्या हंड्यांवरून दिसते. आयोडीनची टंचाई तशी दिसत नाही; ती थकलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर आणि मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या वहीत शोधावी लागते. ती ओळखण्याची दृष्टी गावागावांत निर्माण झाली, तर पुढच्या पिढीतील एकही मूल टाळता येण्याजोग्या कारणाने मागे राहणार नाही.