माणूस, लांडगा आणि अनात्मवाद



नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे एका जर्मन कादंबरीविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असे आपल्यापैकी कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या दुखण्याचे निदान ते पुस्तक करते, ते दुखणे आपल्याही घरांत आहे. म्हणून हा विषय मी घेतला आहे.

हेरमान हेसे ह्यांची 'स्टेपनवुल्फ', म्हणजे 'माळरानातील लांडगा', ही कादंबरी १९२७ साली प्रसिद्ध झाली. हेसे ह्यांच्या मातेचा जन्म मलबारात झाला होता आणि त्यांच्या आजोबांनी मल्याळम भाषेचा कोश रचला होता. भारतीय विचारांची ओळख त्यांना घरातूनच झाली. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कादंबरीचा नायक हॅरी हॅलर हा पन्नाशीच्या घरात आलेला एकाकी विद्वान. आपल्या देहात दोन प्राणी नांदतात, अशी त्याची समजूत आहे. संगीत आणि काव्य ह्यांवर प्रेम करणारा एक माणूस, आणि त्या माणसाचा उपहास करणारा एक लांडगा. दोघे एकमेकांचा द्वेष करतात आणि हॅलर त्यांत भरडला जातो. मध्यमवर्गीय समाजाचा त्याला तिटकारा आहे. तरीही तो भाड्याने राहतो तो अशाच घरांत, आणि जिन्यातील स्वच्छ फरशी व कुंडीतील रोप पाहत पायरीवर बसून राहतो. त्या घराचा तो होऊ शकत नाही आणि ते सोडूनही जाऊ शकत नाही.

एका प्रसंगाकडे मी आपले लक्ष विशेष वेधू इच्छितो. एक प्राध्यापक हॅलरला भोजनास बोलावतो. युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्या 'हॅलर' नावाच्या कोणा देशद्रोह्याविषयी त्याने वर्तमानपत्रात वाचलेले असते. तो त्या माणसाची यथेच्छ निंदा करतो. समोर बसलेला पाहुणा तोच आहे, हे त्याच्या गावीही नसते. हॅलर प्रथम गप्प राहतो. निघण्यापूर्वी मात्र तो सांगून टाकतो की, तो माणूस मीच.

बंधूंनो, त्या मेजाशी आपल्यापैकी किती जण बसलेले आहेत! कचेरीत, वसतिगृहात, खोली शोधताना घरमालकासमोर, आपल्या समाजाविषयी हीन शब्द उच्चारले जातात आणि बोलणाऱ्यास ठाऊक नसते की ऐकणारा त्याच समाजातला आहे. ओठांवर हसू ठेवून आपण चहा संपवतो. घरी आल्यावर मुलांशी बोलवत नाही. मन दुभंगते ते असे. नोकरी जाईल, खोली मिळणार नाही, ह्या भयाने जो आडनाव लपवतो त्यास मी दोष देणार नाही. ज्यांनी त्याला लपावयास लावले, दोष त्यांचा आहे.

आता कादंबरीतील निदान पाहू. हॅलरच्या हाती एक पुस्तिका पडते आणि ती त्यास बजावते की, तुझी मोजणीच चुकली आहे. मनुष्य म्हणजे दोन स्वभाव नव्हेत. त्याच्यात शेकडो, सहस्रावधी अंश असतात, आणि 'मी' नावाची अखंड वस्तू हा केवळ भ्रम आहे. हा भ्रम दूर करण्याची साधना प्राचीन पूर्वेला, बौद्ध परंपरेला ठाऊक होती, असेही ती पुस्तिका म्हणते. पुढे एक बुद्धिबळपटू हॅलरच्या ह्याच अंशांची प्यादी करून, ती पुनःपुन्हा नव्या रीतीने मांडून दाखवतो.

भदन्त नागसेनांनी राजा मिलिंदास रथाच्या दृष्टांताने हेच समजावले होते. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. त्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. मनुष्याचेही तसेच आहे.

परंतु हॅलरच्या आणि आपल्या स्थितीत एक मोठा भेद आहे. त्याने आपला लांडगा स्वतः कल्पिला. आपला लांडगा दुसऱ्यांनी आपल्यात कल्पिला. तुमच्या जन्मातच हीनता आहे, गतजन्मीच्या कर्माचे ते फळ आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. आत्मा नित्य मानला की त्याला चिकटवलेला डागही नित्य ठरतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याची कल्पना आणि गतकर्माचा हा सिद्धान्त दोन्ही का नाकारले, ते ह्यावरून ध्यानात यावे. अनात्मवाद हा पंडितांच्या चर्चेचा विषय नाही. आपल्या मुक्तीची ती पायाभरणी आहे. जो स्वभाव कायमचा नाही, तो घडवता येतो.

घडवावा मात्र लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या आपणही उच्चारल्या आहेत. तरीही विहारात त्रिशरण म्हणणाऱ्या घरात जुना देव्हारा कापडाआड झाकलेला असतो आणि मुलीचे लग्न ठरवताना हळूच पोटजात विचारली जाते. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता, असे विसंगतीचे जीवन देशापुढे आहे, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तीच विसंगती आपण आपल्या घरात पोसावी काय?

हे पुस्तक रोगाचे असले तरी मरणाचे नव्हे, बरे होण्याचे आहे, असे हेसे ह्यांनी पुढे स्वतःच लिहिले. ते मला मान्य आहे. तथापि हॅलरचा उपचार एका माणसापुरताच राहतो. त्याला दोन-चार सोबती भेटतात; संघ भेटत नाही. आपले तिसरे शरण संघाचे आहे. म्हणून कचेरीत ज्याला अपमान गिळावा लागला, त्याने तो विहारात येऊन सांगावा, आणि इतरांनी तो ऐकून त्याच्या पाठीशी उभे राहावे. जेथे हक्काचा प्रश्न असेल, तेथे सर्वांनी मिळून कायद्याचा आधार घ्यावा. मग, "तो माणूस मीच," असे म्हणण्याची वेळ आपल्या मुलांवर येईल, तेव्हा त्यांना ते एकट्याने म्हणावे लागणार नाही.

जय भीम.