‘आहे’ आणि ‘असावं’



माझं नाव विज्ञान लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी सुचवणाऱ्यांनी, हा माणूस भूगर्भशास्त्राचा मास्तर आहे आणि फावल्या वेळात मुलांसाठी पुस्तिका लिहितो, एवढंच सांगितलं असावं. त्यातल्या एका पुस्तिकेत मी काय घोटाळा करून ठेवला होता हे त्यांना ठाऊक नसणार. आज तिथूनच सुरुवात करतो.

पुस्तिका लोणारच्या सरोवरावर होती. पहिल्याच पानावर मी एक प्रसंग रंगवला होता: कातळावर बसलेला आदिमानव, आकाशातून येणारा जाळ, मग कानठळ्या बसवणारा आवाज. आणि खाली ठसठशीत वाक्य, ‘ही घटना ५२,००० वर्षांपूर्वीची आहे.’ बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी हे मोठ्या आवेशानं वाचून दाखवलं. एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, आमच्याकडं कापसाच्या काट्यात क्विंटलमागं किलो-दोन किलो इकडं-तिकडं होते. हे बावन्न हजार किती इकडं-तिकडं होऊ शकते?” शास्त्रज्ञांनी मोजलंय बाळ, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली.

घरी येऊन मूळ निबंध काढला. १९९७ सालचा. त्यात आकडा होता ५२,००० अधिक-उणे ६,०००. तो ‘अधिक-उणे’ मीच छाटला होता, वाक्याची लय बिघडते म्हणून. पण खरा धक्का पुढेच होता. २०११ साली दुसऱ्या एका गटानं दुसऱ्या पद्धतीनं लोणारचं वय काढलं होतं: ५,७०,००० वर्षं, अधिक-उणे ४७,०००. दहापटीहून जास्त. दोन्ही मापांत चुकीसाठी कितीही सढळ हातानं जागा सोडली तरी ती एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत.

हा फरक पडतो कसा, ते सांगण्यासारखं आहे. पहिल्या पद्धतीत खनिजाच्या स्फटिकात अडकलेले इलेक्ट्रॉन मोजतात. अशनीच्या आघाताच्या उष्णतेनं स्फटिकाची कोठी रिकामी होते, मग मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सारानं ती पुन्हा हळूहळू भरत जाते. प्रयोगशाळेत स्फटिक तापवला की अडकलेली ऊर्जा प्रकाशरूपानं बाहेर येते. जितका प्रकाश जास्त, तितकं वय जास्त. पण कोठी एकदा काठोकाठ भरली किंवा तिला गळती लागली, की वय कमी दिसायला लागतं. दुसऱ्या पद्धतीत पोटॅशियमपासून तयार होणारा आरगॉन वायू मोजतात. आघातात खडक वितळला की जुना आरगॉन उडून जायला हवा. लोणारचा खडक मुळात साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातला थोडा जरी जुना वायू मागे राहिला तर वय जास्त दिसतं, म्हणून तो वजा करावा लागतो. तो हिशेब त्या गटानं केलेला आहे आणि मला त्यांचं माप जास्त पटतं. पण फसायची जागा दोन्हीकडे आहे, ती मुलांपासून का लपवायची?

आणि माझा तो आदिमानव? आपल्या प्रजातीच्या माणसाचे सर्वांत जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. लोणारचा आघात पावणेसहा लाख वर्षांपूर्वीचा असेल, तर तो पाहायला आपल्यातलं कुणीच नव्हतं. दगडी हत्यारं घडवणारे दुसरे मानव दख्खनवर असावेत, कारण तमिळनाडूतल्या अत्तिरम्पक्कमची हत्यारं पंधरा लाख वर्षांपर्यंत मागे जातात. पण मी रंगवलेला, तुमच्या-माझ्यासारखा दिसणारा तो गृहस्थ कातळावरून उचलावा लागला.

मित्रहो, आज मला बोलायचं आहे ते या ‘अधिक-उणे’बद्दल. गेल्या काही वर्षांत विज्ञानात जे घडलं त्याची यादी वाचून दाखवणं सोपं होतं. तशा याद्या आपण दर डिसेंबरात छापतोच. पण त्या याद्यांतून आकडे येतात आणि आकड्यांची शेपटी कापलेली असते.

विश्व किती वेगानं फुगतंय याचंच उदाहरण घ्या. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून प्लँक उपग्रहानं काढलेला आकडा ६७.४, अधिक-उणे अर्धा. जवळच्या ताऱ्यांवरून आणि अतिनवताऱ्यांवरून पायरी-पायरीनं काढलेला आकडा ७३, अधिक-उणे एक. एकक सोडा, पाहायचं ते इतकंच की दोन्ही शेपट्या आखूड आहेत आणि एकमेकींना शिवत नाहीत. हे लोणारसारखंच झालं, फक्त इथे पणाला लागलंय ते अख्खं विश्वरचनाशास्त्र. ही ओढाताण सुटलेली नाही. अशा वेळी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांची आठवण येते. महास्फोटाच्या सिद्धान्ताबद्दल त्यांचं मत जगातल्या बहुसंख्यांच्या विरुद्ध होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आपल्याला ते विज्ञानकथांमुळे प्रिय. मला ते जास्त भावतात ते असं उघडपणे अल्पमतात उभं राहिल्यामुळे.

आता एक बातमी आठवा, एप्रिल २०२५ची. ‘परग्रहावर जीवसृष्टी!’ ग्रह होता के२-१८बी, सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूर. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत डायमिथाइल सल्फाइड या वायूचा संकेत दिसला. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांकडून येतो. संकेताचं बळ होतं तीन सिग्मा, म्हणजे निव्वळ योगायोगानं असा संकेत दिसण्याची शक्यता हजारात तीन. शोध म्हणवून घ्यायला पाच सिग्मा लागतात. तिथे ही शक्यता लाखात एकाहून कितीतरी खाली जाते. गटानं स्वतःच सावधगिरीचा इशारा दिला होता. इतरांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली तेव्हा त्यांना संकेत तितका भक्कम वाटला नाही. शिवाय हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही आढळलाय, आणि तिथे कुणी जीवजंतू नांदत असल्याचं म्हटलेलं नाही. पहिल्या बातमीला आपण पान एक दिलं. पुढच्या घडामोडी मराठीत मला तरी शोधाव्या लागल्या.

याउलट आपल्या नारायणगावजवळच्या खोडदचं पाहा. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ती महाकाय दुर्बीण. २९ जून २०२३ रोजी, तिचीही निरीक्षणं वापरून, युरोपीय आणि भारतीय खगोलशास्त्रज्ञांच्या संयुक्त गटानं, आणि त्याच दिवशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीनमधल्या गटांनीही, जाहीर केलं की स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांत अतिसंथ गुरुत्वीय लहरींची खूण दिसते आहे. एक लाट पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागतात, अशा लहरी. ही गाज महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांची असावी. पाव शतकाची निरीक्षणं हाताशी होती, तरी निबंधांत शब्द जपून वापरलेले होते: पुरावा मिळतो आहे. ‘सापडल्या’ असं म्हणायला अजून काही वर्षांची निरीक्षणं हवीत, हे त्यांनीच सांगितलं.

मग मराठीत हे लिहायला अडचण काय? संज्ञा नाहीत ही तक्रार मी चाळीस वर्षं ऐकतोय. संज्ञा होतात, सिग्माला सिग्मा म्हणा, काही बिघडत नाही. मला वाटतं अडचण क्रियापदाची आहे, आणि गंमत म्हणजे तिथे मराठी अतिशय श्रीमंत आहे. माझी आजी पहाटे उठून अंगणातली ओली माती पाहायची आणि म्हणायची, “रात्री पाऊस आला असावा.” मामाच्या गावाचा विषय निघाला की म्हणायची, “तिकडं आला असेल.” आणि शेजारीण काही सांगून गेली की म्हणायची, “वरच्या आळीला आला म्हणे.” पुराव्यावरून काढलेलं अनुमान, नुसता अंदाज, आणि ऐकीव. तिन्ही वेगळी, आणि तिन्ही वेळा ‘शास्त्रज्ञांच्या मते’ हे शब्द लागले नाहीत. आजीनं ‘आला असावा’ आणि ‘आला असेल’ यांची अदलाबदल कधी केली नाही. आपण मात्र विज्ञान लिहायला बसलो की सगळीकडे ‘आहे’ ठोकून देतो.

यंत्रंसुद्धा याबाबतीत आपल्याहून प्रामाणिक निघाली. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या कामाला मिळालं त्यात अल्फाफोल्ड होतं. ही प्रणाली प्रथिनाचा आकार वर्तवते, आणि चित्रात ज्या भागाबद्दल खात्री आहे तो गडद निळा, जिथे खात्री नाही तो नारिंगी दाखवते. आपल्या लेखांना असा रंग द्यायचा झाला, तर किती नारिंगी निघेल?

माझ्या विषयात तर हे रोजचं. तुमच्यापैकी कुणी आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला गेलं असेल, तर काळ्या थरांच्या मधे तांबड्या पट्ट्या दिसल्या असतील. दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतीत तयार झालेली ती माती. तिच्यात दूरवरून उडून आलेल्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन या खनिजाचे कण असतात. ते वेचून एका गटानं, आणि खडकातला आरगॉन मोजून दुसऱ्या गटानं, सह्याद्रीची कालगणना केली. दोघांचे निबंध फेब्रुवारी २०१९मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात आले. एकाचं म्हणणं, लाव्हाचे चार मोठे उद्रेक झाले आणि त्यातला एक डायनोसॉरांच्या अंताच्या काही दशसहस्र वर्षं आधी झाला. दुसऱ्याचं म्हणणं, पाऊण लाव्हा त्या अंतानंतर आला. म्हणजे सह्याद्री आरोपी की केवळ साक्षीदार, यावर अजून निकाल नाही.

डायनोसॉरांच्या अंताचा दुसरा आरोप ज्याच्यावर आहे, त्या मेक्सिकोत आदळलेल्या अशनीबद्दल मात्र चित्र स्वच्छ होत चाललंय. २०२२ साली उत्तर अमेरिकेतल्या माशांच्या हाडांवरून कळलं की ते वसंत ऋतूत मेले. त्यांच्या कल्ल्यांत आघाताचे काचमणी अडकलेले होते. २०२४ साली रुथेनियम या धातूच्या समस्थानिकांवरून दिसलं की ती वस्तू गुरूपलीकडे घडलेली असावी. या वादाच्या जागतिक साहित्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावं खडकांच्या थरांची नावं म्हणून रोज येतात. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? एवढी मोठी चालू गोष्ट घाटाच्या भिंतीवर लिहिलेली असताना आपण त्यांना आयते निष्कर्ष पाजतो.

कुणी म्हणेल, लाव्हा आधी आला की नंतर, यानं कुणाचं काय बिघडतं? तर शेवटचं उदाहरण घ्या. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर जनुक-संपादनाचा पहिला उपचार मंजूर झाला. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून त्यांत बदल करतात, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. मंजुरीवेळच्या चाचणीत ३१पैकी २९ रुग्णांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. केवढी मोठी गोष्ट! पण त्याआधी जहाल औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, अमेरिकेतली मंजुरीवेळची किंमत बावीस लाख डॉलर होती, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं काय होतं ते अजून पाहायचंय. नंदुरबार किंवा गडचिरोलीतला बाप ‘सिकलसेलवर इलाज सापडला आहे’ एवढंच वाचतो तेव्हा तो कुणाकुणाचे उंबरठे झिजवेल? त्याच्या लेकराला आज लागतात त्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, नियमित तपासणी, आणि लग्नाआधी दोघांची रक्तचाचणी. बातमीत हेही असलं पाहिजे. नाहीतर आपल्या एका ‘आहे’पायी तो गोळ्या बंद करील.

संपादकांना माझी एक मागणी आहे: विज्ञानाच्या पानावर ‘दुरुस्ती’ नावाची कायमची चौकट ठेवा. लेखकांना एक विनंती: आपला पाच वर्षांपूर्वीचा एक लेख काढा आणि त्यातलं आज काय टिकलं ते तपासा. माझी लोणारची पुस्तिका नव्यानं छापायला गेली आहे. पहिल्या पानावर कातळ आहे, जाळ आहे, माणूस नाही. खाली दोन्ही वयं दिली आहेत, अधिक-उणे धरून. तुमच्याही एखाद्या लेखात असा कुणी कातळावर बसून राहिला असेल. त्याला शोधून काढा, आणि दुरुस्ती जिथे तो लेख आला होता तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापून आणा.