बारशाची पाकिटं आणि कॉलेजची फी



पडद्याआड लेझीमवाली मुलं फेटे बांधून केव्हाची उभी आहेत, ते मला इथून दिसतंय. बांधलेला फेटा फार वेळ टिकत नाही आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण फार वेळ ऐकवत नाही. तेव्हा दोन्ही गोष्टींचं भान ठेवून बोलतो. आज ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत आणि तरीही ज्यांनी मित्रांसाठी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, त्यांचं अंमळ जास्त अभिनंदन.

मुख्याध्यापिका बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं, "साहेब, मुलांना करिअरवर दोन शब्द सांगा." पण मी नोकरीची हयात बँकेत काढली, तीही बरीचशी कर्ज विभागात. करिअरचं सांगायला माझ्यापेक्षा जाणती माणसं या तालुक्यात आहेत. म्हणून मी आज मुलांपेक्षा पालकांशी जास्त बोलणार आहे. विषय एकच. मुलांच्या कॉलेजचा पैसा केव्हापासून साठवायचा? माझं उत्तर आहे, बारशापासून. पाळण्यात नाव ठेवताना जी पाकिटं येतात, तो पहिला भरणा.

तुम्ही म्हणाल, आता शिष्यवृत्त्या आहेत, शैक्षणिक कर्ज मिळतं, मग इतकी घाई कशाला? या प्रश्नाचं उत्तर बँकेत बसणाऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये मिळतं. प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागते. हातात अलॉटमेंटचं पत्र, त्यावर रिपोर्टिंगची तारीख, आणि ती तारीख तीन-चार दिवसांवर. वडील समोरच्या खुर्चीवर अवघडून बसलेले. मुलीच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिचं बटण ती सारखं उघडते आणि लावते. कर्ज मंजूर व्हायला कागद लागतात, कागद जमायला दिवस लागतात. शिष्यवृत्तीचा अर्ज तर प्रवेश झाल्यावरच भरायचा. आणि कॉलेजला प्रवेशाच्या दिवशी भरायची रक्कम, होस्टेलचं डिपॉझिट आणि मेसचा पहिला महिना लगेच हवा असतो. मग घरातलं सोनं तारण जातं, किंवा दावणीची गाय.

पण त्याहून मोठं नुकसान त्याच्या आधीच झालेलं असतं. ते कुठल्या वहीत दिसत नाही. एका मुलीचे सीईटीचे पर्सेंटाइल पुण्याच्या सरकारी कॉलेजात सहज प्रवेश मिळेल इतके होते. कर्जाच्या चौकशीला ती वडिलांबरोबर आली, तेव्हा मी तिचा ऑप्शन फॉर्म पाहिला. पहिल्या क्रमांकावर गावापासून एसटीच्या पासात भागेल असं कॉलेज. पुण्याचं एकही नाही. मी विचारलं, "हे असं का?" ती वडिलांकडे न बघता म्हणाली, "तिथं राहायचा खर्च झेपला नसता, सर." तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. तिनं स्वतःच आधी हिशेब करून स्वतःला नाही म्हटलं होतं. साठवलेल्या पैशाचा खरा उपयोग इथं आहे. ऑप्शन फॉर्म मुलीनं भरायचा की घरच्या तंगीनं, हे त्यावर ठरतं.

आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं एक उदाहरण देतो. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला ज्यांचं नाव दाखल झालं, त्या बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले आणि तिथून लंडनला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून त्यांना परतावं लागलं. पुढं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. त्या पगारातून त्यांनी पैसा बाजूला काढला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि नवल भथेना या मित्रानं ५,००० रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स झाले. त्या पगारातून बचत निघाली ती पत्नी रमाबाईंनी काटकसरीनं घर चालवलं म्हणून, हेही विसरू नका.

पाहा, बाबासाहेबांच्या त्या प्रवासाला तीन गोष्टी लागल्या. मदत, कर्ज आणि बचत. आजही त्याच तीन लागतात. यातली मदत सरकारच्या नियमावर, कर्ज बँकेच्या मंजुरीवर. बचत तेवढी आपल्या हातात.

मदतीबद्दल कुणी कमी समजू नका. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. मोठी गोष्ट आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून चालत नाही. आणि खोलीचं भाडं, मेस, लॅपटॉप, जाण्या-येण्याचा खर्च त्यात धरलेला नाही.

कर्जही वाईट नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि फेड शिक्षण संपल्यावर सुरू होते. पण आकडा ऐका. ५ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ८,३०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण जवळपास ७ लाख जातात. शिकत असतानाचं व्याज वेगळं. पहिली नोकरी लागलेल्या पोरानं त्या पगारातून खोली, जेवण आणि हप्ता कसा भागवायचा?

आता बचतीचं गणित. ७ टक्के व्याज धरू. मूल जन्मल्यापासून महिना १,००० रुपये टाकले, तर त्याच्या अठराव्या वर्षी सव्वाचार लाखांच्या आसपास रक्कम होते. खिशातून गेलेले असतात २ लाख १६ हजार. तेवढीच रक्कम हवी आणि सुरुवात मुलाच्या दहाव्या वर्षी केली, तर महिना ३,३०० लागतात. पंधराव्या वर्षी, म्हणजे दहावीच्या तोंडावर जाग आली, तर महिना साडेदहा हजार! या मांडवात महिना १,००० बाजूला काढू शकणारे हात बरेच असतील. साडेदहा हजारांना किती हात वर होतील? व्याजावर व्याज चढायला वर्षं लागतात, आणि वर्षं उसनी मिळत नाहीत.

मात्र एक सावधगिरी. शिक्षणाचा खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला, तर तो नऊ वर्षांत दुप्पट आणि अठरा वर्षांत चौपट होतो. आजचा १ लाख म्हणजे बाळ कॉलेजात जाईल तेव्हाचे ४ लाख. तेव्हा हजाराचा हप्ता हजारावरच ठेवून चालणार नाही. पगार वाढला, दुधाचा दर वाढला, की हप्ताही वाढवा.

पैसा ठेवायचा कुठे? मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी. २०१५ ची योजना आहे. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षं भरायचे, उघडल्यापासून एकवीस वर्षांनी खातं पूर्ण होतं. मुलगी दहावी झाली किंवा अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीतले निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. मुलासाठी पीपीएफ आहे. त्याची मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे मूल दोन-तीन वर्षांचं असताना उघडलं तर बरोबर कॉलेजच्या वेळी हाती येतं. ज्यांना थोडी जोखीम झेपते त्यांनी काही भाग म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत जरूर घालावा. पण बाजाराचा स्वभाव लक्षात ठेवा. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८ हजारांच्या घरात आला होता. तो पुढं सावरला, पण कॉलेजची तारीख त्यासाठी थांबली नसती. म्हणून मूल दहावीत गेलं की तो पैसा हळूहळू बाजारातून काढून बँकेत किंवा पोस्टात आणायचा.

आणि भिशी? जास्त व्याज देणारी पतसंस्था? बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. लेकराच्या शिक्षणाचा पैसा दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून धोक्यात घालू नका.

काही जण मनात म्हणत असतील, साहेबांना काय, त्यांचा दर महिन्याला पगार व्हायचा. आमचं उत्पन्न कुठं महिन्याचं? खरं आहे. उसाचं बिल हप्त्यानं येतं, दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. पण सुकन्याच्या खात्यात दर महिन्यालाच भरा असा नियम नाही. उसाचं बिल आलं की एकदम भरा. दुधाच्या तीन पगारांतला एक छोटा वाटा पोस्टाच्या आरडीत टाका. ती महिना १०० रुपयांपासून सुरू होते. मी एक अंगणवाडी मदतनीस बाई पाहिल्या आहेत. त्यांच्या पिशवीत दोन पासबुकं असायची, एकावर मुलीचं नाव, एकावर मुलाचं, वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आरडी संपली की ती रक्कम मुदत ठेवीत, आणि नवी आरडी सुरू. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा त्या कर्ज मागायला आल्या नाहीत, ठेव मोडायला आल्या. स्लिप भरताना त्यांचा चेहरा कर्जाच्या खुर्चीवरच्या चेहऱ्यांपेक्षा फार वेगळा होता.

ज्यांची मुलं आज नववीत आहेत, त्यांनी उशीर झाला म्हणून हात झाडू नयेत. महिना २,००० तीन वर्षं टाकले तरी ८० हजारांच्या आसपास होतात. सगळी फी त्यात भागणार नाही, पण ते पहिले पंधरा दिवस निभावतात, आणि प्रवेश जातो तो त्याच पंधरा दिवसांत.

आता थोडं तुमच्याशी, मुलांनो. घरच्यांनी तुमच्यासाठी काय साठवलं नाही, याचा हिशेब मागू नका. तुमच्या वाट्याचं काम तुम्ही करा. दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीचं बचत खातं उघडता येतं. आज मिळालेली बक्षिसाची पाकिटं तिथं जाऊ द्या. आणि दहावी-बारावीच्या मुलांनो, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर, डोमिसाइल, आधारला जोडलेलं बँक खातं, ही कागदपत्रं उन्हाळ्याच्या सुट्टीतच तयार ठेवा. जुलैत तहसील कचेरीबाहेरच्या रांगेत उभं राहून ती वेळेत मिळत नाहीत.

पालकहो, वाढदिवसाचा फ्लेक्स चार दिवस चौकात लटकतो आणि पाचव्या दिवशी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो. हौस करू नका असं मी म्हणणार नाही. पण यंदा हौसेच्या आधी एक काम करा. येत्या सोमवारी मुलाचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि पॅन घेऊन पोस्टात जा आणि जमेल तेवढ्या रकमेचं खातं उघडा. पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला, पाहुणे कुणीही असोत, तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी मुलाच्या नावाचं एक पासबुक असलं पाहिजे, एवढीच माझी विनंती आहे.

लेझीमवाल्यांनो, या. मांडव तुमचा आहे. जय हिंद, जय महाराष्ट्र!