तरुणांचा जोर व म्हाताऱ्यांचा सातबारा
(विद्यार्थी वसतिगृहांत पालक व विद्यार्थी यांच्यापुढें झालेलें भाषण)



येथें पुढें टोप्या बसल्या आहेत व मागें उघडीं डोकीं. दोहोंच्या मनांत एकमेकांविषयीं हेवा आहे. म्हातारा म्हणतो, पोराला अक्षर कळतें, तलाठ्यानें काय लिहिलें तें वाचतां येतें. मीं जन्मभर न वाचतां आंगठा उठविला. पोरगा म्हणतो, बापाच्या नांवावर सातबारा आहे, माझ्याजवळ नुसतीं सर्टिफिकिटें. दोघेहि खरें बोलतात, म्हणूनच भांडण मिटत नाहीं. आणि भविष्य सांगणारा एकाला आयुष्य, दुसऱ्याला नोकरी देऊं करतो. दक्षिणा मात्र दोघांकडून घेतो!

जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली तेव्हां ते अवघे २१ वर्षांचे होते. लोकांच्या दडपणामुळें वडील गोविंदराव यांनीं त्यांस व सावित्रीबाईंस घराबाहेर काढलें. घर बापाचें, हिंमत मुलाची. दोहोंची ताटातूट करणारे तिसरेच होते. पुढें १८८८ सालीं जोतीरावांस पक्षघात झाला व उजवा हात गेला. चाळीस वर्षांचा अनुभव सांगावयाचा होता आणि लिहावयास हात नव्हता! तरीहि डाव्या हातानें त्यांनीं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलें. ते १८९० सालीं वारले; पुस्तक १८९१ सालीं निघालें, तेंहि दत्तकपुत्र यशवंत यांच्या हातून. म्हाताऱ्याचें काम तरुणाच्या हातानें तडीस गेलें तें असें.

आतां शाहू छत्रपतींकडे पाहा. १८९४ सालीं कारभार हातीं आला तेव्हां विशीहि पुरी झाली नव्हती. १९०२ सालीं मागासलेल्यांसाठीं शेंकडा ५० जागा राखल्या तेव्हां वय २८. १९२२ सालीं, ४७ व्या वर्षीं, ते गेले. ज्यांना म्हातारपण ओझें वाटतें त्यांनीं एवढें ध्यानांत आणावें कीं, महाराजांस तें मिळालेंच नाहीं.

वडीलधाऱ्यांनो, मुलगा चाळिशीला आला तरी बियाण्याच्या पैशासाठीं तुमच्यापुढें हात पसरतो, हें बरें नव्हे. जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाप्रमाणें सर्वांच्या संमतीनें तहसीलदाराकडून वांटणी करून घेतां येते. त्यासाठीं वकील पोसावा लागत नाहीं. त्या वांटणींत मुलीचें नांव गाळूं नका. २००५ च्या कायद्यानें वडिलोपार्जित मिळकतींत तिचा वांटा मुलाइतकाच आहे. बापाचा हेवा करतो तो भाऊ; बहिणीचें कोणीं ऐकलें आहे?

आणि विद्यार्थ्यांनो, कोणत्या शेताच्या कोणत्या कोंपऱ्यांत पाणी सांचतें, कोणता बांध कोणीं कधीं कोरला, हें कोणत्याहि कागदांत नाहीं. तें बापाच्या डोक्यांत आहे व त्याच्याबरोबर जाईल. येत्या सुटींत घरीं जातांच सातबारा काढा आणि ओळ न ओळ त्यांना मोठ्यानें वाचून दाखवा. 'इतर हक्क' या रकान्यांत कोणाचा बोजा चढलेला दिसला, तर तो कधीं व कशासाठीं चढला हें विचारा, आणि ते सांगतील तें वहींत उतरून घ्या.