दिवे घाटात तुटलेली चेन
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सायकल ग्रुपबद्दल दोन शब्द बोला, असं कमिटीनं सांगितलं. त्यापेक्षा डिसेंबरातल्या सासवडच्या राइडची गोष्टच सांगतो.

आम्ही अकरा जण पहाटे साडेपाचला निघालो. कानटोप्या, स्वेटर, तरी बोटं गारठलेली. हडपसर, फुरसुंगी, वडकी मागे पडलं आणि दिवे घाट लागला. खाली मस्तानी तलावावर धुकं होतं. एका वळणावर सी विंगमधल्या काकांनी चढावरच गिअर बदलला आणि खाडकन चेन तुटली.

काका सत्तरीच्या घरातले, पहिल्यांदाच आलेले. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी टेम्पो बघतो." आम्हाला ठाऊक होतं, आज काका टेम्पोत बसले तर पुन्हा सायकलवर बसायचे नाहीत.

सायकली कडेला घेतल्या, मागचे लाल दिवे चालू ठेवले. दोघांकडे जोडकडी, म्हणजे क्विक लिंक होती. पण ती मागे दहा चकत्या असलेल्या सायकलची, काकांच्या आठ. बसेचना. मग ए विंगमधल्या आपल्या कॉलेजकन्येनं चेन टूल काढलं. पिन ढकलून वाकलेली कडी काढली, टोकं जुळवली, पिन परत बसवली. चेन इंचभर आखूड झाली. "काका, पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकदम लावू नका. आणि चढावर जोर अजिबात नको," तिनं बजावलं.

अर्धा घाट तर बाकी होता! काकाच म्हणाले, "माउलींच्या पालखीबरोबर लाखो लोक हा घाट चालतच चढतात ना? मग चला." अकराही जण सायकली हातात धरून चढलो. गप्पा अशा रंगल्या, की घाट कधी संपला कळलंच नाही. सासवडला मिसळ खाल्ली. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. काकांनी काकूंसाठी ती घेतली.

आता काका एकही रविवार चुकवत नाहीत. ग्रुपचे नियमही ठरलेत: चेन टूल आणि प्रत्येकाच्या चेनला बसेल अशी जोडकडी सोबत हवी, एक अनुभवी गडी कायम सर्वांत मागे, आणि एक थांबला की सगळे थांबणार.

पंचवीस वर्षं आपली सोसायटी तरी दुसरं काय करत आलीय? पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली बाहेर काढा. हवा आम्ही भरून देऊ.