पटावरचे दाणे

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो आणि गणित माझ्यापुरतं किराण्याच्या हिशेबाएवढं उरलं. तरी एक वीस अंकी संख्या माझ्या मनात घर करून आहे. ती अशी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली. ही संख्या त्याच्याही पुढची.

तिची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बुद्धिबळाचा खेळ रचणाऱ्याला राजा म्हणाला, हवं ते माग. त्यानं मागितलं, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. अशी दुपटीनं चौसष्ट घरं भरा. तेराव्या शतकात इब्न खल्लिकाननं ही कथा लिहून ठेवली. सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजे आपली ही संख्या.

एक दाणा ४० मिलिग्रॅमचा धरू. अर्धा पट भरला तरी गहू होतो सुमारे १७२ टन. दहा टनांचे सतरा-अठरा ट्रक. एवढा तर राजा हसत देईल! पण अख्ख्या पटाला लागतो जवळजवळ ७४ हजार कोटी टन. आज सगळं जग वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकवतं. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचं पीक.

इसवी सन १०००च्या सुमारास अल् बिरूनीनं ही बेरीज मांडली. एकेक घर मोजायची गरज नाही, वर्ग करत जायचं. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६. असे सहा वर्ग करून एक वजा केला की झालं. पण उत्तर डोळ्यांपुढे उभं राहीना, तेव्हा या गणितीनं कवीचं काम केलं. थैल्या, खेचरं, कळप, ओढे अशी वाटणी करत तो डोंगरांपर्यंत पोचला. डोंगर भरले २,३०५!

बाहेरून अशी अफाट संख्या आतून मात्र सुबक आहे. ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा हा गुणाकार. यातल्या ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९७. या संख्येला भाग जात नाही, असं फर्माला वाटत होतं. १७३२ साली ऑयलरनं ६४१नं भाग घालवून दाखवला.

दुपटीचं हे गणित पटावरच राहत नाही. २०२० साली, कोरोनाच्या दिवसांत, रुग्ण किती दिवसांत दुप्पट होतात हे आपण रोज बातम्यांत ऐकत होतो. सावकाराचं चक्रवाढ व्याजही याच वाटेनं जातं. पहिली घरं भरताना सगळं आवाक्यातलं वाटतं. म्हणून पुढ्यात किती दाणे पडलेत एवढंच पाहू नये. अजून किती घरं रिकामी आहेत, तेही मोजावं.