मीटर म्हणतं 48 हजार, गाडी काय म्हणते?

आजचा विषय, जुन्या गाडीचं खरं रनिंग. मायलेज म्हटलं की आपण लिटरला किती देते ते विचारतो. मी बोलतोय ते गाडी आजवर एकूण किती पळाली याबद्दल. एमएच 16 असो की एमएच 17, जुनी गाडी बघायला गेलं की भाव ठरतो तो याच आकड्यावर.

आणि तो आकडा मागं घेणं अवघड नाही. जुन्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं फिरवायचे, आता यंत्र जोडून डिजिटल आकडा बदलतात. डिजिटल म्हणजे सेफ, हा गैरसमज आहे. जुन्या मोटारसायकलींची तर वेगळीच गंमत. पाच आकडी मीटर 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येतं, आणि केबल तुटली की दोन-दोन वर्षं मीटर झोपलेलं. तिथं कुणी फसवलेलं नसतं, पण आकड्याला अर्थही नसतो.

म्हणून मी मीटर शेवटी बघतो. आधी गप्पा. "कामाला कुठं असता?" समजा मालक राहुरीहून रोज नगरला येतो. एका बाजूनं 35 किमी धरा, येऊन-जाऊन 70. वर्षाचे 300 दिवस धरले तर 21 हजार. गाडी सहा वर्षांची, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात. आणि मीटरवर 48 हजार? मग बाकीचे दिवस साहेब एसटीनं जात होते का, ते हसत हसत विचारायचं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघा. शिर्डी-शिंगणापूर फेऱ्या मारणारी टॅक्सी. एका बाजूनं सत्तरेक किमी, रोज एक फेरी म्हटली तरी वर्षाला चाळीस हजारांवर. अशी गाडी आरटीओची रीतसर परवानगी घेऊन खाजगी करता येते, पिवळी पाटी जाऊन पांढरी येते. त्यात गैर काहीच नाही. पण गाडी आधी टॅक्सी होती का, हे विचारा आणि कागदांवर तपासा.

कागदावरून आठवलं. मावसभावासाठी आम्ही श्रीरामपूरकडं 2016 ची डिझेल गाडी बघितली. मीटर 62 हजार. पैसे मावशीच्या दुधाच्या पगारातले, दर दहा दिवसांनी थोडे थोडे बाजूला टाकलेले. सर्व्हिसचं पुस्तक हरवलंय म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुम्ही सर्व्हिस सेंटरला फोन लावा, नंबरवरून जुनी बिलं निघतात." निघाली. 2020 च्या बिलावर 91,340. काका म्हणाले, मीटर बदललं होतं. बदलतंही कधीकधी, पण मग त्याचं बिल हवं ना! त्यांनी लगेच चाळीस हजार कमी केले. मावशी म्हणाली, "चहा झाला, चला."

बिलं नसतील तर गाडीलाच विचारा. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, स्टेअरिंगची चमक. बाइकला गिअरचं आणि पायाखालचं रबर. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. मीटर 25 हजार आणि चारही टायर नंतर बदललेले? का, ते विचारायचं. बाकी गाडी जुनी आणि पेडलचं रबर तेवढं कोरं करकरीत, हे मला झिजलेल्या रबरापेक्षा जास्त खटकतं. काही गाड्यांत स्कॅनर लावला की एबीएससारख्या दुसऱ्या युनिटमध्येही किलोमीटर सापडतात. ओळखीचा मेकॅनिक असेल तर एवढं करून घ्याच.

एमपरिवहन ॲपवर गाडी कधीची, विमा, फिटनेस दिसतं. रनिंगसाठी त्याच्यावर विसंबू नका. बेल्जियममध्ये 2006 पासून कार-पास आहे. गाडी गॅरेजला गेली की किलोमीटरची नोंद होते आणि विकताना तो कागद द्यावाच लागतो. आपल्याकडं तो कागद आपणच तयार करायचा. सौदा ठरला की विक्रीच्या पावतीवर त्या दिवसाचं रीडिंग आणि "मीटर बदललेलं नाही" हे वाक्य लिहून सही घ्या. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका. जाणूनबुजून मीटर मागं घेऊन गाडी विकली असेल तर फसवणुकीची तक्रार पोलिसांत करता येते, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. गाडी डीलरकडून घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं.

ट्रॅक्टरचं काय, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. तिथं किलोमीटर नाही, तास मोजतात. ते पुढच्या भागात.